काचनळीतील उत्क्रांती

बंद पात्रातील यीस्टची वाढ अन्न संपताच खुंटते. १९५० साली पॅरिसमध्ये जाक मोनो यांनी आणि शिकागोत नोव्हिक व झिलार्ड यांनी सूक्ष्मजीवांच्या या मर्यादेवर स्वतंत्रपणे उपाय मांडला : ताजे पोषकद्रव्य थेंबाथेंबाने सोडावे आणि तेवढेच द्रव बाहेर काढावे. त्यामुळे वाढ अखंड चालते व तिचा वेग प्रयोगकर्त्याच्या हाती राहतो. अनुकूल उत्परिवर्तन झालेल्या पेशींचा वंश इतरांना मागे सारतो. उत्क्रांती काही आठवड्यांत पाहावयास मिळते. परंतु एका पात्रात घडले तो योगायोग की नियम, हे अनेक पात्रांशिवाय ठरत नाही. आणि मोठी पात्रे महाग असतात. म्हणूनच वीसेक मिलिलिटरच्या काचनळ्यांची रांग मोलाची ठरते. सामान्य महाविद्यालयांनी ती उभारावी. उत्क्रांती केवळ पाठ करणारा विद्यार्थी मग ती पडताळूनही पाहील.