टीव्हीला जोडायच्या शांत संगणकासाठी एसएमपीएस कसा निवडाल?



घरच्या मोठ्या टीव्हीला एक छोटा संगणक जोडला की सिनेमे, जुनी गाणी, मुलांचे शैक्षणिक व्हिडिओ, घरातले फोटो सगळं एका जागी पाहता येतं. वर्गातल्या प्रोजेक्टरलाही असाच संगणक चालतो. पण सिनेमातला हळवा प्रसंग सुरू असताना टीव्हीखालून पंख्याची घरघर यायला लागली, की सगळी मजा जाते. ही घरघर बऱ्याचदा प्रोसेसरची नसतेच. ती संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याची, म्हणजे एसएमपीएसची असते.

आजच्या लेखात आपण हा एसएमपीएस कसा निवडायचा ते पाहू. दहावीच्या विज्ञानात मुलं 'शक्ती = विभवांतर × विद्युतधारा' हे सूत्र शिकतात. या लेखात तेवढंच सूत्र पुरतं.

१. एसएमपीएस नेमकं काय करतो?

आपल्या घरातल्या प्लगमध्ये 230 व्होल्टची प्रत्यावर्ती धारा (एसी) येते. संगणकाला मात्र 12, 5 आणि 3.3 व्होल्टची दिष्ट धारा (डीसी) लागते. एसएमपीएस आधी एसीची डीसी करतो. हा डीसी दाब आत सुमारे 325 व्होल्टपर्यंत जातो. मग तो सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून छोट्या रोहित्रातून (ट्रान्सफॉर्मरमधून) खाली आणला जातो.

या कामात थोडी वीज वाया जाते आणि तिची उष्णता होते. उष्णता बाहेर काढायला पंखा लागतो, आणि पंखा फिरला की आवाज होतो. ही साखळी लक्षात ठेवा: वाया गेलेली वीज → उष्णता → पंखा → आवाज. शांत संगणक हवा असेल तर सुरुवात पहिल्या कडीपासून करायची.

२. पहिला गैरसमज: मोठा एसएमपीएस जास्त वीज खातो

अनेकांना वाटतं, 550 वॉटचा एसएमपीएस लावला की मीटर 550 वॉटने पळणार. तसं नाही. 550 ही त्याची क्षमता आहे. पाण्याची टाकी हजार लिटरची असली तरी तुम्ही एक तांब्या काढलात तर एक तांब्याच पाणी जातं. संगणक 40 वॉट मागत असेल, तर एसएमपीएस 40 वॉटच देतो. वर थोडी वीज त्याच्या स्वतःच्या कामात वाया जाते, एवढंच.

मग दुकानदार म्हणतो म्हणून मोठाच घ्यायचा का? तेही नको. कारण पुढच्या मुद्द्यात आहे.

३. आधी गरज मोजा

समजा इंटेलच्या आय-3 12100 प्रोसेसरचा, वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेला संगणक आहे. जास्तीत जास्त किती वीज लागेल ते मांडू:

- प्रोसेसर, पूर्ण जोरात: 89 वॉट
- मदरबोर्ड आणि रॅम: साधारण 25 वॉट
- एसएसडी: 5 वॉट
- मोठी हार्ड डिस्क: फिरताना 5 ते 8 वॉट, पण सुरू होताना क्षणभर 24 वॉटच्या आसपास
- पंखा, रिमोटचा रिसीव्हर, पेन ड्राइव्ह: 10 वॉट

बेरीज 153 वॉट. हे सगळं एकाच वेळी क्वचितच होतं. तरी वर तीस टक्के जादा धरले तर 200 वॉट होतात. म्हणजे चांगल्या प्रतीचा 250 किंवा 300 वॉटचा एसएमपीएस भरपूर झाला. सिनेमा पाहताना तर हा संगणक 30 ते 40 वॉटच घेतो.

आता '80 प्लस' या शिक्क्याकडे बघा. वीज वाया न घालवणाऱ्या एसएमपीएसवर तो असतो: साधा, ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड असा चढत्या क्रमाने. 115 व्होल्टवरच्या चाचणीत ब्राँझला निम्म्या भारावर 85 टक्के आणि गोल्डला 90 टक्के कार्यक्षमता दाखवावी लागते. पण ही तपासणी क्षमतेच्या 20, 50 आणि 100 टक्के भारावर होते. 10 टक्क्यांवरची अट फक्त वरच्या टायटॅनियम दर्जाला असते. 550 वॉटच्या डब्यावर आपला 36 वॉटचा सिनेमा म्हणजे साडेसहा टक्के भार! तिथे तो डबा कसा वागेल, हे त्या शिक्क्यावरून कळत नाही. 300 वॉटच्या डब्यावर तोच भार 12 टक्के होतो, म्हणजे तपासलेल्या भागाच्या बराच जवळ.

बाजारात चांगल्या कंपनीचा 300 वॉटचा मिळाला नाही, तर 400-450 वॉटचा चांगला घ्या. छोटा पण भुक्कड डबा घेण्यापेक्षा थोडा मोठा पण चांगला डबा बरा.

४. वीजबिल वाचतं का?

थोडं गणित करू. संगणकाला 36 वॉट हवेत. 72 टक्के कार्यक्षमतेचा डबा प्लगमधून 50 वॉट घेईल, म्हणजे 14 वॉटची उष्णता. 88 टक्क्यांचा डबा 41 वॉट घेईल, म्हणजे उष्णता फक्त 5 वॉट. फरक 9 वॉटचा. रोज चार तास धरले तर वर्षाला सुमारे 13 युनिट. युनिटला 8 रुपये धरले, तर वर्षाची बचत जेमतेम शंभर रुपये.

म्हणजे निव्वळ बिलासाठी महागडा गोल्ड घेण्यात अर्थ नाही. (संगणक दिवसरात्र चालू राहणार असेल तर हीच बचत सहापट होते.) खरा फायदा दुसराच आहे: डब्यातली उष्णता 14 वरून 5 वॉटवर आली, की पंख्याला जोरात फिरायचं कारणच उरत नाही.

५. पंखा आणि आकार

मोठा पंखा सावकाश फिरूनही तेवढीच हवा हलवतो. म्हणून 120 मिलिमीटरचा पंखा असलेला नेहमीच्या आकाराचा, म्हणजे एटीएक्स, एसएमपीएस सहसा शांत असतो. अगदी चपट्या कॅबिनेटसाठी फ्लेक्स नावाचा अरुंद डबा येतो. त्यात 40 मिलिमीटरचा इवलासा पंखा असतो आणि तो डासासारखा गुणगुणतो. कॅबिनेट निवडतानाच हे बघा, कारण नंतर बदल करायला जागा उरत नाही. काही चांगल्या डब्यांत भार कमी असताना पंखा पूर्ण थांबतो. सिनेमासाठी ही सोय उत्तम.

पंखाच नसलेले डबेही मिळतात. पण त्यांना मोकळी हवा लागते. नागपूर-चंद्रपूरकडच्या मे महिन्यात, टीव्हीच्या बंद कपाटात असा डबा ठेवू नका.

६. डबाच नको: ॲडाप्टरचा मार्ग

फक्त सिनेमे आणि व्हिडिओ पाहायचे असतील तर इंटेल एन-100 सारख्या प्रोसेसरचा मिनी पीसी पुरतो. या प्रोसेसरची औष्णिक मर्यादा 6 वॉट आहे. असा संगणक लॅपटॉपसारख्या ॲडाप्टरवर चालतो. ॲडाप्टरला पंखा नसतो, आणि उष्णता संगणकाच्या बाहेरच राहते. घरासाठी हा सर्वात शांत मार्ग.

ॲडाप्टर बदलायची वेळ आली तर तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत:

- व्होल्ट अगदी तेवढेच हवेत. 12 च्या जागी 19 चालणार नाहीत.
- अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात. जास्त अँपिअर म्हणजे जास्त क्षमता, जास्त दाब नव्हे.
- पिन आणि तिची धन-ऋण बाजू तीच हवी.

ॲडाप्टरवर भारतीय मानक ब्यूरोची खूण आणि 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे ना, तेही पाहा.

७. लेबल वाचायला शिका

खरी फसगत इथे होते. डब्यावर मोठ्या अक्षरात 450 वॉट लिहिलेलं असतं. बाजूचा तक्ता वाचला तर 12 व्होल्टच्या रकान्यात 16 अँपिअर दिसतात. सूत्र लावा: 12 × 16 = 192 वॉट. आजचा संगणक बहुतेक वीज 12 व्होल्टवरूनच घेतो, म्हणजे हा डबा कामाच्या दृष्टीने दोनशे वॉटचासुद्धा नाही. चांगल्या 450 वॉटच्या डब्यात 12 व्होल्टवर 35-37 अँपिअर लिहिलेले असतात.

हे फक्त पैशाचं नुकसान नाही. स्वस्त डब्यात जादा दाब, जादा भार आणि शॉर्ट सर्किटपासूनचं संरक्षण अपुरं असू शकतं. असा डबा बिघडला तर सोबत हार्ड डिस्कही घेऊन जातो, आणि तिच्यावरचे मुलांच्या लहानपणीचे फोटो काही दुकानात मिळत नाहीत.

८. आपल्याकडची वीज

घरी इन्व्हर्टर असेल तर तो साइन वेव्हचा असावा आणि 'यूपीएस' मोडवर ठेवावा. वीज गेल्यावर एसएमपीएस पूर्ण भारावर सेकंदाचा साठावा भागच तग धरतो. त्याआधी इन्व्हर्टरने काम हाती घेतलं नाही, तर संगणक बंद पडतो. अर्थिंग असलेला तीन पिनांचाच प्लग वापरा.

आणि एक कडक सूचना: बंद एसएमपीएस मुलांना दाखवायला म्हणून उघडू नका. प्लग काढल्यानंतरही आतल्या संधारित्रात (कपॅसिटरमध्ये) जीवघेणा दाब काही काळ राहतो.

मुलांसोबत करून पाहा

घरच्या डिजिटल वीजमीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो. शेजारी एका युनिटला किती लुकलुक ते लिहिलेलं असतं, उदाहरणार्थ 3200. दिवसा फ्रिज, इन्व्हर्टरचं चार्जिंग वगैरे थोडा वेळ बंद करा. टीव्ही आणि संगणकावर सिनेमा लावा आणि दोन लुकलुकींमधले सेकंद मोजा. 3200 च्या मीटरसाठी सूत्र सोपं आहे:

वॉट = 1125 ÷ सेकंद

समजा 9 सेकंद आले, म्हणजे 125 वॉट. मग संगणक बंद करून, त्याचा प्लगही काढून, फक्त टीव्ही लावा. आता 15 सेकंद आले, म्हणजे 75 वॉट. वजाबाकी केली की संगणकाचे 50 वॉट मिळाले. एका लुकलुकीवर विसंबू नका. दहा मोजून सरासरी काढा.

हा आकडा हातात असला, की एसएमपीएसच्या दुकानात किती वॉटचा डबा मागायचा ते तुम्हीच ठरवाल. डब्यावरचा तक्ता मात्र मुलांना वाचू द्या आणि गुणाकारही त्यांनाच करू द्या.