हिरवळ कापण्याचे यंत्र : पेट्रोलचे की विजेचे?

दिल्लीच्या नैर्ऋत्येस सरकारी कर्मचाऱ्यांसाठी वसविलेल्या रामकृष्णपुरम् या वसाहतीस लोक आर. के. पुरम म्हणूनच ओळखतात. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून येथे सेक्टरामागून सेक्टर उभे राहिले आणि निवासस्थानांच्या ओळींमधून हिरवळीचे चौक राखण्यात आले. याशिवाय शाळांची विस्तृत क्रीडांगणेही या भागात आहेत. ही हिरवळ पावसाळ्यात आठवड्या-दोन आठवड्यांनी कापावी लागते. ती कोणत्या यंत्राने कापावी, हा प्रश्न वरवर किरकोळ दिसतो. परंतु यंत्र चालविणारा माळी त्याचा धूर तासन्‌तास श्वासात घेतो व त्याचा आवाज कानांवर सोसतो. म्हणून या प्रश्नाचा निर्णय तोलूनमापून करणे योग्य होय.

यंत्राची थोडी पूर्वपीठिका

हिरवळ कापण्याचे पहिले यंत्र इंग्लंडमधील एडविन बडिंग याने १८३० मध्ये सिद्ध केले. गिरणीत लोकरी कापडावरील तंतू कातरणाऱ्या फिरत्या पात्यांवरून त्याला ही कल्पना सुचली. ते यंत्र मनुष्यबळाने ढकलावे लागे. पुढे मोठी यंत्रे जनावरे ओढू लागली. दिल्लीच्या मोठ्या उद्यानांत बैलांनी ओढावयाची यंत्रे दीर्घकाळ वापरात होती. १९०२ मध्ये इंग्लंडच्या रॅन्सम्स कारखान्याने पेट्रोलवर चालणारे यंत्र बाजारात आणले. ज्यावर चालक आसनस्थ होऊन काम करतो, ते स्वारीचे यंत्र याच परंपरेतील आहे. सांप्रत अशा यंत्रांत पेट्रोल एंजिनाच्या जागी बॅटरी व विद्युत्‌चलित्र बसविलेले प्रकारही मिळतात.

एका तासाच्या कामाचा हिशेब

दोन यंत्रांची तुलना करावयाची तर दोघांकडून सारखेच काम घेतले पाहिजे. समजा, यंत्राची कापणीची रुंदी एक मीटर आहे व ते ताशी पाच किलोमीटर वेगाने चालते. म्हणजे एका तासात ५,००० चौरस मीटर गवत कापले जावयास हवे. प्रत्यक्षात वळणे घेण्यात व पट्टे एकमेकांवर चढविण्यात काही भाग खर्च होतो. म्हणून सुमारे ३,५०० चौरस मीटर, म्हणजे एकरापेक्षा थोडे कमी, धरणे बरे. या कामात पाती व चाके मिळून सरासरी ५ किलोवॉट शक्ती लागते असे मानू. याचा अर्थ, तासाभरात ५ युनिट उपयुक्त ऊर्जा खर्च होते.

एक लिटर पेट्रोलात सुमारे ९ युनिट ऊर्जा साठविलेली असते. पण लहान एंजिन तिच्यापैकी जेमतेम पंचमांश भाग कामी लावते. उरलेली ऊर्जा उष्णतेच्या रूपाने निघून जाते. म्हणून लिटरमागे १.८ युनिट हाती लागतात व तासाला सुमारे २.८ लिटर पेट्रोल जळते. याउलट, विद्युत्‌चलित्र बॅटरीतून मिळालेल्या ऊर्जेपैकी सुमारे ८५ टक्के ऊर्जा कामास देते. बॅटरी भरतानाची हानी जमेस धरली तरी भिंतीवरील प्लगातून साडेसहा युनिट घेतले की काम भागते. पेट्रोल लिटरमागे ९५ रुपये व वीज युनिटमागे १० रुपये धरल्यास पहिल्या यंत्राचा तासाचा खर्च सुमारे २६५ रुपये, तर दुसऱ्याचा ६५ रुपये येतो.

मग पेट्रोलचे यंत्र अद्याप टिकले कसे? त्याचे उत्तर वजनात आहे. तासाला लागणारे २.८ लिटर पेट्रोल अवघे दोन किलो भरते. तेवढेच काम देणारी लिथियमची बॅटरी ५० ते ७० किलो वजनाची होते. शिशाच्या जुन्या धर्तीच्या बॅटरीतून अर्धीच ऊर्जा काढणे हितावह असल्याने तिचे वजन सव्वातीनशे किलोंच्याही वर जाते. शिवाय पेट्रोलची टाकी दोन मिनिटांत भरते, बॅटरीला मात्र काही तास द्यावे लागतात. दिवसभर अखंड कापणी करावयाची असेल आणि जवळपास वीज नसेल, तर पेट्रोलचा हा गुण निर्णायक ठरतो.

धूर आणि आवाज

दिल्लीच्या हवेची चर्चा बहुधा हिवाळ्यात होते. परंतु येथील हरळी, जिला दिल्लीकर दूब म्हणतात, थंडीत जवळजवळ वाढतच नाही. त्यामुळे नोव्हेंबर ते जानेवारीच्या धुरक्याचा दोष गवत कापण्याच्या यंत्राच्या माथी मारणे सयुक्तिक नव्हे. यंत्र अधिक चालते ते उन्हाळ्यात व पावसाळ्यात. उन्हाळ्यातील प्रखर उन्हात हायड्रोकार्बने व नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर प्रक्रिया होऊन जमिनीलगत ओझोन निर्माण होतो, आणि तो फुप्फुसांना अपायकारक असतो. एप्रिल २०२० पासून देशात विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींना भारत स्टेज-६ ची कडक मर्यादा लागू आहे. त्यांच्या धूरनळीत उत्प्रेरक बसविलेला असतो. गवत कापण्याच्या लहान एंजिनात तो सहसा नसतो. त्यातून कार्बन मोनॉक्साइड व अर्धवट जळलेले इंधन बाहेर पडते, आणि धूरनळी चालकापासून हात-दोन हातांवरच असते.

आवाजाची गोष्टही अशीच आहे. पेट्रोल यंत्रावर बसलेल्या चालकाच्या कानी ९० डेसिबेलच्या आसपास आवाज पोहोचतो. ८५ डेसिबेलच्या वर दिवसाचे आठ तास काढणे श्रवणशक्तीस घातक मानले जाते. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबेलची मर्यादा २००० सालच्या नियमांनी घातलेली आहे. बॅटरीच्या यंत्रातही पात्यांचा आवाज राहतोच. पण एंजिनाचा कोलाहल नाहीसा होतो, आणि वर्ग चालू असता शाळेचे मैदान कापणे सुसह्य होते.

तथापि विजेचे यंत्र सर्वस्वी निर्धूर आहे असे मात्र म्हणता येणार नाही. बदरपूरचे कोळशाचे वीजकेंद्र २०१८ मध्ये बंद झाले; पण दिल्लीच्या विजेचा मोठा भाग आजही बाहेरच्या कोळसा-केंद्रांतून येतो. देशात एका युनिटामागे सुमारे ०.७ किलो कार्बन डाय-ऑक्साइड हवेत जातो. या हिशेबाने विजेच्या यंत्राच्या वाट्यास तासाला साडेचार किलो, तर पेट्रोलच्या यंत्राच्या वाट्यास सहा किलोंहून अधिक वायू येतो. फरक आहे, पण तो आकाशपाताळाचा नाही. खरा लाभ असा की, धूर माळ्याच्या व मुलांच्या नाकाशी सुटत नाही.

निवड कशी करावी?

बॅटरीचे यंत्र घेण्यापूर्वी वर्षाकाठी किती तास काम आहे ते मोजावे. वरील दरांनी तासाला २०० रुपये वाचतात. वर्षाला १५० तास काम असल्यास ३०,००० रुपयांची बचत होते व यंत्राची जादा किंमत भरून निघण्याची आशा धरता येते. काम ३० तासांचेच असेल तर बचत ६,००० रुपयांवर थांबते. आणि बॅटरी मात्र वापर असो वा नसो, जुनी होतच जाते. दिल्लीचा ४५ अंशांचा उन्हाळा ही झीज अधिक वेगाने घडवितो. म्हणून बॅटरी सावलीत, हवेशीर जागी ठेवावी व यंत्र तापलेले असता लगेच भरू नये. निकामी बॅटरी भंगारात न टाकता २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे परत करावी. पेट्रोल एंजिनाचीही निगा असते. इथेनॉलमिश्रित पेट्रोल ओलावा शोषते. ते हिवाळाभर कार्ब्युरेटरात राहिल्यास गंज व चिकटा धरतो. म्हणून हंगाम संपताच टाकी रिकामी करावी.

या विवेचनातून निष्कर्ष असा निघतो. आर. के. पुरमसारख्या वसाहतीत, जेथे मैदान एक-दोन एकरांचे आहे, वीज हाताशी आहे व सभोवती घरे आणि शाळा आहेत, तेथे बॅटरीचे यंत्र अधिक श्रेयस्कर होय. विजेपासून दूर असलेल्या विस्तीर्ण मैदानावर पेट्रोलचे यंत्र अद्याप उपयुक्त आहे. मात्र चालकास कर्णरक्षक देणे अगत्याचे समजावे. आणि निवासस्थानांमधील लहान चौकांत या दोहोंपैकी कोणतेच यंत्र नको. तेथे वळणे घेण्यातच वेळ जातो व झाडांची मुळे दुखावतात. बडिंगच्या धर्तीचे हाताने ढकलावयाचे यंत्र अशा जागी आजही धूर व गोंगाट न करता आपले काम चोख बजावते.