काचेचा पूल कोण पेलतो?

चीनच्या हुनान प्रांतातील झांगजियाजिए येथे एका खोल दरीच्या दोन कड्यांना जोडणारा काचेचा पूल २० ऑगस्ट २०१६ रोजी लोकांसाठी खुला झाला. इस्रायली वास्तुरचनाकार हाईम दोतान यांनी आखलेल्या या पुलाची लांबी सुमारे ४३० मीटर, रुंदी ६ मीटर आणि दरीच्या तळापासूनची उंची सुमारे ३०० मीटर आहे. त्याला काचेचा पूल म्हटले जात असले, तरी तो मुळात झुलता पूल आहे. म्हणजे कड्यांत रोवलेल्या पोलादी दोरखंडांवर पोलादी तुळयांचा सांगाडा तोललेला आहे आणि त्या सांगाड्यातील चौकटींत काचेचे ९९ पारदर्शक तक्ते बसवलेले आहेत. पुलाचा भार पोलाद वाहते. काचेला केवळ आपल्यावर उभ्या असलेल्या माणसांचा भार जवळच्या तुळईपर्यंत पोहोचवायचा असतो.

तेवढ्या कामासाठीही साधी काच चालत नाही. अशा ठिकाणी वापरायची काच ६०० अंश सेल्सिअसहून अधिक तापवून तिच्यावर थंड हवेचे झोत सोडतात. त्यामुळे पृष्ठभाग आधी घट्ट होतो, आतला भाग मागाहून आकसतो आणि आकसताना पृष्ठभागाला आत ओढून कायमचा दाबात ठेवतो. तडा पसरण्यासाठी काच ताणली जावी लागते, आणि पृष्ठभाग आधीच दाबात असल्याने लहानसहान आघात तेथेच जिरतो. मात्र आघात आतल्या ताणलेल्या भागापर्यंत पोहोचला, तर संपूर्ण तक्त्याचा क्षणात चुरा होतो. म्हणून असे तीन थर मधे चिवट, पारदर्शक पडदा घालून एकमेकांना चिकटवतात, जेणेकरून वरचा थर फुटला तरी त्याचे तुकडे पडद्याला धरून राहावेत आणि खालच्या थरांनी भार सांभाळावा. उद्घाटनापूर्वी, जून २०१६ मध्ये, लोकांच्या हाती घण देऊन हे तक्ते फोडून घेण्यात आले आणि तडकलेल्या काचेवरून माणसे बसलेली मोटार नेण्यात आली. काच फुटत नाही असा दावा करण्यापेक्षा फुटल्यावर काय होते हे उघडपणे दाखवणे, हाच अधिक प्रामाणिक मार्ग होता.

पुलावर जाणाऱ्यांना बुटांवर कापडी पिशव्या चढवाव्या लागतात आणि उंच टाचांना मनाई असते, कारण तळव्याला चिकटलेल्या वाळूच्या कणांनी पडणारे ओरखडे काचेची पारदर्शकता घटवतात आणि तिला दुबळीही करतात. एवढी तयारी समजून घेतलेला माणूसही पहिल्या तक्त्याशी अडखळतो, कठड्याला हात लावतो, आणि पुष्कळ जण काच टाळून खालच्या पोलादी पट्टीवरूनच पाय टाकत राहतात. या वागण्यामागे भाबडेपणा नाही. शरीराचा तोल अंतर्कर्ण, सांधे व स्नायू आणि डोळे या तिघांच्या आधारे राखला जातो, आणि डोळे शरीराचे डोलणे ओळखतात ते जवळच्या वस्तू नजरेसमोर किती सरकल्या यावरून. नजरेला टेकायला मिळणारी वस्तू ३०० मीटर खाली असेल, तर तेवढ्याच डोलण्याने ती सरकल्याचे जाणवत नाही. परिणामी शरीर खरोखरच थोडे अधिक डोलते आणि पायांना वाटणारी अस्थिरता खरी असते. एलिनॉर गिब्सन आणि रिचर्ड वॉक यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काचेखाली खोली दिसताच रांगती बाळेही बहुधा मागे राहिली होती, आई पलीकडून बोलावत असतानासुद्धा.

मात्र भीती ज्या ठिकाणी बोट दाखवते, तेथे मुख्य धोका नसतो. झांगजियाजिएचा पूल १३ दिवसांतच बंद करावा लागला तो गर्दीमुळे. दिवसाला ८,००० माणसांचा अंदाज धरला होता आणि येणारे त्याच्या कित्येक पट होते. सप्टेंबरअखेरीस तो पुन्हा सुरू झाला. मे २०२१ मध्ये जिलिन प्रांतातील लाँगजिंगजवळच्या एका काचेच्या पुलावर वादळी वाऱ्याने तक्ते उडवून नेले आणि एक पर्यटक कठड्याला धरून अडकून पडला. त्याची सुखरूप सुटका झाली. त्या दिवशी पुलाची परीक्षा माणसांच्या वजनाने घेतली नव्हती, वाऱ्याने घेतली होती. हबेई प्रांताने तर सुरक्षिततेच्या कारणावरून आपल्याकडील ३२ काचेची आकर्षणे बंद केली. याच प्रांतातील पूर्व ताइहांग येथे २०१७ मध्ये पायांखाली काच तडकल्याचा देखावा मुद्दाम उभा केला होता. पर्यटकांच्या भीतीचा असा वापर निषेधार्हच होता, कारण खऱ्या तड्याची खूण ओळखण्याची लोकांची सवयच त्यामुळे बोथट होते.

तपासणी करणाऱ्यांना म्हणूनच तक्त्याच्या मध्यापेक्षा कडेकडे अधिक पाहावे लागते: चौकटीतील रबरी पट्टी सैल झाली आहे का, तक्ता धरून ठेवणारी पकड ढिली पडली आहे का, आणि दोन थरांमध्ये ओल शिरून काच कडेने दुधाळ होऊ लागली आहे का.