शेफची ताटली आणि आपले ताट

आमच्या दवाखान्यात बाहेरच्या खोलीत एक टीव्ही आहे. पेशंटचा वेळ जावा म्हणून कंपाउंडर तो लावून ठेवतो. पूर्वी क्रिकेट चाले, हल्ली बहुधा स्वयंपाकाचे कार्यक्रम असतात. त्यावर बाहेर रंगणारी चर्चा मला आत पेशंट तपासतानाही ऐकू येते.

परवा एक आजी म्हणाल्या, "एवढ्या मोठ्या ताटलीत घासभर भात अन् कडेला चटणीचे चार ठिपके! पोट कशानं भरायचं?" नात म्हणाली, "आजी, त्याचेच लोक हजारो रुपये मोजतात." तिसऱ्या बाई म्हणाल्या, "एवढे नावाजलेले शेफ आहेत, ते सांगतात ते तब्येतीला चांगलंच असणार."

पहिली दोन मते ऐकून मला हसू आले. तिसऱ्याने मात्र काळजीत पडलो. कारण त्या बाईंचे यजमान तेव्हा माझ्यासमोर बसले होते आणि त्यांचा रक्तदाब 160/100 होता. चार वर्षे एका गोळीवर तो 130/80 च्या आसपास असे. गोळी चुकत नव्हती, लोणचे-पापड बंद होते. मग बिघडले कुठे? वहिनींना आत बोलावले. त्या अभिमानाने म्हणाल्या, "डॉक्टर, बाहेरचं काहीच आणत नाही. सगळं टीव्हीत बघून घरीच करते."

काय काय करता, ते विचारले. नूडल्स, क्रीम घातलेल्या भाज्या, वरून लोणी, चीज. सोया सॉस तर रोजचाच. वाचकहो, एक मोठा चमचा सोया सॉस म्हणजे जवळजवळ दोन ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते, म्हणजे सपाट चहाचा चमचाभर, तेही सगळे पदार्थ धरून. लोण्याच्या एका मोठ्या चमच्यात सुमारे शंभर कॅलरी असतात.

यात शेफ मंडळींचा दोष काढायचा नाही. संजीव कपूर मुंबईच्या मोठ्या हॉटेलातून आले आणि 1993 पासून 'खाना खजाना'ने घरोघरी पोहोचले. आमच्या घरीही वही घेऊन तो कार्यक्रम बघितला जाई. 2010 मध्ये 'मास्टरशेफ इंडिया' आला. 2023 च्या पर्वात विकास खन्ना, रणवीर ब्रार आणि गरिमा अरोरा परीक्षक होते. गरिमा अरोरांच्या बँकॉकच्या हॉटेलला 2018 मध्ये मिशेलिन तारा मिळाला. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. ही माणसे चवीतली तज्ज्ञच. पण अशा हॉटेलात गिऱ्हाईक वर्षातून एखाद्या वेळी जाते, आठ-दहा पदार्थ घास-घासभर खाते. परीक्षक तर एक चमचा चाखतो नि पुढच्या टेबलाकडे वळतो. आपण तोच पदार्थ कढईभर करतो, पोटभर खातो, उरला तर रात्री गरम करून पुन्हा खातो.

आजी ज्या ताटलीला हसल्या, तेवढीच खरे तर आपण उचलायला हवी होती. ती टीव्हीतच राहिली, लोणी मात्र घरात आले.

हे एकट्या आपल्याकडचे नाही. 2012 साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये टीव्हीवरच्या शेफच्या 100 पाककृती आणि दुकानातली 100 तयार जेवणे यांची तुलना छापून आली. शेफच्या पाककृतींत कॅलरी आणि चरबी जास्त, चोथा कमी निघाला. तयार जेवणेही काही आदर्श नव्हती म्हणा.

यजमानांची गोळी मी थोडी वाढवली. सॉस बंद केला, लोणी-क्रीम रविवारी, तेही चमच्याने मोजून. टीव्ही बंद करा असे सांगितले नाही. सांगून ऐकणार कोण? दोन महिन्यांनी रक्तदाब 134/84 आला. कशामुळे किती उतरला हे सांगणे कठीण. गोळी आहे तशीच चालू आहे, ती मनाने कमी करायची नाही हे दोघांनाही बजावले आहे.

निघताना वहिनींना विचारले, "आणि ताटली? लहान केली का?"

"केली ना डॉक्टर," त्या म्हणाल्या, "पण हे तीनदा वाढून घेतात."