स्थानिक स्वराज्य संस्थेतील अनुभवी उमेदवाराची निवड : वडनेर भोलजीच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

बुलढाणा जिल्ह्यातील नांदुरा तालुक्यात, मलकापूर ते नांदुरा या राष्ट्रीय महामार्गावर वडनेर भोलजी हे गाव वसलेले आहे. विधानसभा व लोकसभेच्या निवडणुकांची चर्चा महाविद्यालयांतून भरपूर होते. तथापि नळाचे पाणी, गावातील नाली, घरपट्टी, पथदिवे, जन्म-मृत्यूची नोंद या रोजच्या गरजा ज्या संस्थेकडे आहेत त्या ग्रामपंचायतीच्या निवडणुकीकडे अभ्यासकांचे पुरेसे लक्ष जात नाही. या निवडणुकीत "अनुभवी माणसाला निवडून द्या" हे आवाहन हमखास केले जाते. हा अनुभव म्हणजे नेमके काय आणि तो मतदाराने कसा पारखावा, याचे विवेचन करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. लेखाचे स्वरूप वर्णनात्मक असून त्यास कायद्यातील तरतुदी व महाराष्ट्रातील काही सर्वज्ञात उदाहरणांचा आधार आहे.

अनुभवाचा प्रश्न आजच महत्त्वाचा का?

महाराष्ट्रातील ग्रामपंचायतींचा कारभार १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमानुसार चालतो. २४ एप्रिल १९९३ रोजी ७३ वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि या संस्थांना घटनात्मक दर्जा प्राप्त झाला. त्यानंतर गावाच्या हाती येणारा पैसा व जबाबदारी दोन्ही वाढत गेल्या. चौदाव्या वित्त आयोगाने २०१५ पासून मूलभूत अनुदान ग्रामपंचायतींसाठी दिले. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या कालावधीत त्यातील ६० टक्के रक्कम पाणी व स्वच्छतेसाठी बंधित आणि ४० टक्के अबंधित ठेवली. हा निधी खर्च करण्यापूर्वी गावाचा विकास आराखडा तयार करावा लागतो व तो ग्रामसभेपुढे ठेवावा लागतो. पूर्णा खोऱ्यातील खारपाण पट्ट्याचा विचार करता नांदुरा परिसरात पिण्याच्या पाण्याचे नियोजन हा किती नाजूक विषय आहे, हे वेगळे सांगावयास नको. आराखड्यात कोणते काम बंधित निधीतून घ्यावे व कोणते अबंधित निधीतून, हे न समजणारा सरपंच प्रामाणिक असला तरी गावाचे नुकसान करू शकतो.

दुसरे कारण निवडणूक पद्धतीतील बदलाचे आहे. पूर्वी सदस्यच आपल्यातून सरपंच निवडत. २०१७ मध्ये थेट जनतेतून सरपंच निवडण्याची तरतूद झाली, २०२० मध्ये ती रद्द झाली आणि २०२२ मध्ये पुन्हा लागू झाली. सदस्यांमधून निवड होत असताना कोण किती जाणता आहे, हे सहकारी सदस्य काही अंशी पाहून घेत. आता ती जबाबदारी सर्वस्वी मतदारावर आली आहे. शिवाय सरपंच एका पॅनेलचा व बहुमत दुसऱ्या पॅनेलचे, असा प्रसंगही थेट निवडीत उद्भवतो. अशा वेळी विरोधकांना सोबत घेऊन ठराव संमत करून घेण्याचे कसब हाही अनुभवाचाच भाग ठरतो.

आरक्षणाचे आवर्तन आणि अनुभवाचे सातत्य

सरपंचपदाचे आरक्षण आवर्तनाने फिरते. २०११ पासून महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांतील निम्मी पदे स्त्रियांसाठी राखीव आहेत. सामाजिक न्यायाच्या दृष्टीने ही व्यवस्था आवश्यकच होय. मात्र तिचा एक परिणाम असा की, पाच वर्षांत काम शिकलेल्या व्यक्तीला पुढील खेपेस त्याच पदावर उभे राहता येईलच असे नाही. त्यामुळे "माजी सरपंच तोच अनुभवी" ही व्याख्या पुरेशी राहत नाही. ती तशीच धरल्यास आरक्षणातून प्रथमच पुढे येणारा प्रत्येक उमेदवार अननुभवी ठरतो आणि मग "घरात अनुभव आहे" या नावाखाली पती, दीर वा सासरे कारभार पाहू लागतात. येथेच मतदाराची सर्वात मोठी फसगत होते. अनुभव हा घराण्याचा नसतो, व्यक्तीचा असतो.

काही बोलकी उदाहरणे

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे १९८९ मध्ये पोपटराव पवार यांच्याकडे गावाची सूत्रे आली. तेव्हा ते पदव्युत्तर शिक्षण घेतलेले तरुण होते व पदाचा अनुभव त्यांच्या गाठीशी नव्हता. पुढे गावाचे जे परिवर्तन झाले, त्याची दखल २०२० च्या पद्मश्री पुरस्काराने घेतली गेली. जानेवारी २०२१ मध्ये तेथे सुमारे तीस वर्षांनी प्रत्यक्ष लढत झाली आणि मतदारांनी त्यांच्या पॅनेलला सर्व जागा दिल्या. आरंभी विश्वास शिक्षणावर व तळमळीवर ठेवला गेला होता. नंतरचा विश्वास कामावर होता.

त्याच निवडणुकीत छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील पाटोदा या आदर्श गावात वेगळे घडले. गावाला नावारूपास आणणारे भास्करराव पेरे पाटील स्वतः रिंगणात नव्हते. त्यांच्या कन्या उभ्या होत्या व त्या पराभूत झाल्या. पित्याच्या कार्याचा आदर राखूनही मतदार निराळा कौल देऊ शकतात, हे या निकालातून दिसते.

तिसरे उदाहरण आपल्या शेजारच्या जळगाव जिल्ह्यातील विटनेरचे आहे. १९८९ मध्ये शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीच्या प्रेरणेने तेथे संपूर्ण महिला पॅनेल निवडून आले. तेव्हा स्त्रियांसाठी ५० टक्के आरक्षण नव्हते. या स्त्रियांची तयारी पदावर नव्हे, तर चळवळीत झाली होती. आज बचत गट, शाळा व्यवस्थापन समिती, पाणीपुरवठा समिती येथे काम करणाऱ्या स्त्री-पुरुषांकडेही याच दृष्टीने पाहिले पाहिजे.

याउलट जानेवारी २०२१ मध्येच नाशिक जिल्ह्यातील उमराणे व नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथील निवडणुका राज्य निवडणूक आयोगाने रद्द केल्या, कारण तेथे पदांचा लिलाव झाल्याचे समोर आले होते. जेथे पदाची बोली लागते, तेथे अनुभव, शिक्षण व चारित्र्य या तिन्ही कसोट्या निरर्थक ठरतात.

अनुभव पारखण्याच्या कसोट्या

मतदाराला पुढील बाबी पडताळता येतात :

१) उमेदवार पूर्वी सदस्य असल्यास मासिक सभांना त्याची उपस्थिती किती होती? इतिवृत्तात त्याने मांडलेले ठराव वा नोंदविलेला विरोध आढळतो काय?

२) तो सरपंच राहिला असल्यास ग्रामसभा नियमित झाल्या काय? गणपूर्तीसाठी १५ टक्के मतदार किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी ती पुरेशी असते. तरीही सभा वारंवार तहकूब झाल्या असतील तर त्याचे कारण विचारले पाहिजे.

३) त्याच्या कार्यकाळातील लेखापरीक्षणाचे आक्षेप निकाली निघाले काय? वार्षिक हिशेब व लेखापरीक्षण टिपणी ग्रामसभेपुढे ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे.

४) नमुना ८ ही कर आकारणीची नोंदवही होय. करवसुली त्याने स्वतःच्या भावकीपासून सुरू केली की विरोधकांपासून?

५) पद नसताना त्याने गावासाठी काय केले?

यांतील बहुतेक माहिती ग्रामसभेत वा माहिती अधिकार अधिनियम, २००५ अन्वये मिळू शकते. उमेदवारी अर्जासोबतच्या घोषणापत्रातून गुन्हेगारी पार्श्वभूमी व मालमत्ता यांचाही बोध होतो. केवळ शिक्षणाची अट पुरेशी नाही, हेही लक्षात घ्यावे. १ जानेवारी १९९५ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या उमेदवारास सातवी उत्तीर्ण असणे आवश्यक आहे. परंतु अंदाजपत्रक वाचता येणे व ते गावाला समजावून सांगता येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

अनुभवाची दुसरी बाजू

दीर्घ अनुभवाचे दोषही नाकारता येत नाहीत. अनेक वर्षे सत्तेत राहिलेल्या व्यक्तीस ठेकेदार, कर्मचारी व पुढारी यांचे हितसंबंध चांगले ठाऊक असतात, आणि तेच ज्ञान गावाविरुद्ध वापरले जाण्याचा धोका संभवतो. म्हणून वर्षांची संख्या मोजण्यापेक्षा त्या वर्षांचा हिशेब मागणे अधिक उचित होय.

समारोप

वडनेर भोलजीसारख्या गावात मतदार व उमेदवार एकमेकांना नावाने ओळखतात. ही ओळख भावकी, जात व पॅनेल यांच्या आधारे मत मागण्यास उपयोगी पडते, तशीच ती कामाची पारख करण्यासही पडू शकते. महाविद्यालयीन प्राध्यापकांना येथे निश्चित कार्य आहे. अठरा वर्षे पूर्ण झालेला विद्यार्थी मतदार होतो आणि एकविसाव्या वर्षी तो स्वतः ग्रामपंचायतीचा उमेदवार होऊ शकतो. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात ग्रामसफाईबरोबरच एक दिवस ग्रामपंचायतीचे अंदाजपत्रक, आराखडा व नमुने वाचण्यासाठी दिला, तर उद्याचा मतदार अनुभवाचा अर्थ स्वतः लावू शकेल. शिवाय त्याच शिबिरातून उद्याचा जाणता उमेदवारही घडू शकेल. अनुभवी उमेदवार निवडायचा असेल तर आधी अनुभव वाचता येणारा मतदार तयार व्हावा लागतो, हाच या विवेचनाचा निष्कर्ष होय.