पुस्तकाच्या पाठीवरचा आकडा

लेखमाला : एम.एस्सी. गणिताचं पहिलं वर्ष (लेखांक ४)

एम.एस्सी.चे वर्ग सुरू झाले की आठवड्याभरात विद्यापीठाच्या ग्रंथालयात एक प्रसंग हमखास घडतो. बार्शीहून किंवा चिपळूणहून आलेली एखादी मुलगी ओपॅकवर, म्हणजे ग्रंथालयाच्या संगणकातल्या सूचीत, पुस्तक शोधते. त्याचा क्रमांक ५१२.४८२. तो वहीच्या कोपऱ्यात टिपून ती कपाटांच्या रांगेत शिरते. ५१२.५ दिसतं, ५१२.७ दिसतं, ५१२.९ दिसतं. चारशे ब्याऐंशी नऊच्या पुष्कळ पुढे असणार असं धरून ती चालत राहते, ५१६ला भूमितीपाशी पोचते आणि ‘पुस्तक जागेवर नाही’ म्हणून परत फिरते. पुस्तक जागेवरच असतं, ५१२.५च्या अलीकडे. बिंदूपुढचे आकडे दशांश अपूर्णांक म्हणून वाचायचे असतात. क्रमांकाच्या खाली लेखकाच्या आडनावाची पहिली तीन अक्षरं असतात. एकाच क्रमांकाची दहा पुस्तकं असली तर ती त्या अक्षरांच्या क्रमाने लागतात.

यात तिची चूक काहीच नाही. अनेक कॉलेजांत बी.एस्सी.ची तिन्ही वर्षं खिडकीपाशी चिठ्ठी देण्यात जातात आणि आतून जे पुस्तक येईल ते घ्यायचं असतं. कपाटासमोर उभं राहून पुस्तक निवडायची वेळ पुष्कळांवर विद्यापीठात आल्यावरच येते. हे कुणीतरी शिकवायला हवं, आणि पहिल्याच आठवड्यात शिकवायला हवं.

महाराष्ट्रातल्या बऱ्याच ग्रंथालयांत मेल्विल ड्यूई यांची दशांश पद्धत चालते. ती १८७६ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात गणित ५१०. बीजगणित ५१२, टोपॉलॉजी ५१४, अ‍ॅनालिसिस ५१५, भूमिती ५१६, संभाव्यता आणि उपयोजित गणित ५१९. नंबर थिअरीत रस असलेल्याने ५१२.७ लक्षात ठेवावं, ग्राफ थिअरीवाल्याने ५११.५. एवढे आकडे वहीच्या पहिल्या पानावर असले तरी महिनाभराची पायपीट वाचते.

पण जुन्या ग्रंथालयात एक कोडं पडतं. कॅल्क्युलसची काही पुस्तकं ५१५वर आणि काही, पिवळ्या पानांची, ५१७वर. जुनी भूमिती ५१३वर. हा गोंधळ कर्मचाऱ्यांनी घातलेला नाही. १९७१ साली निघालेल्या अठराव्या आवृत्तीत ड्यूई पद्धतीतलं गणिताचं अख्खं प्रकरण नव्याने मांडलं गेलं. त्याआधी ५१३ म्हणजे भूमिती, ५१४ म्हणजे त्रिकोणमिती आणि ५१७ म्हणजे कॅल्क्युलस होतं. टोपॉलॉजीला स्वतंत्र घर नव्हतं, ती भूमितीच्या पोटात ५१३.८३वर राहायची. विसाव्या शतकात हा विषय इतका फोफावला की त्याला अख्खा ५१४ द्यावा लागला. ज्या ग्रंथालयांनी जुन्या पुस्तकांचे क्रमांक बदलले नाहीत, तिथे आज दोन्ही व्यवस्था शेजारी-शेजारी नांदतात. म्हणून अ‍ॅनालिसिस शोधणाऱ्याने ५१५ पाहून झाल्यावर ५१७वर एक नजर टाकावीच. हार्डीसारख्या गणितज्ञांची जुनी पुस्तकं तिथे सापडू शकतात.

ग्रंथालयशास्त्राला भारताने दिलेलं सगळ्यांत मोठं नाव मुळात एका गणित शिक्षकाचं आहे, ही गोष्ट गणिताच्या विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावीशी वाटते. शियाळी रामामृत रंगनाथन मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकवत होते. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि प्रशिक्षणासाठी लंडनला गेले. तिथल्या एका दुकानात त्यांनी मेकॅनो हे खेळणं पाहिलं. त्याच पट्ट्या, तेच स्क्रू, पण जोडणी बदलली की वस्तू वेगळी! विषयांचे क्रमांकही असेच सुट्या भागांतून जोडता येतील, या विचारातून त्यांची कोलन पद्धत उभी राहिली. ती १९३३ साली प्रसिद्ध झाली. त्याआधी, १९३१ साली, त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले होते. वाचकाचा वेळ वाचवा, हा त्यातला चौथा.

वेळ खरा वाचतो तो एकच गोष्ट दोन-तीन पुस्तकांत उघडून पाहिल्याने. कॉम्पॅक्टनेस घ्या. ही कल्पना पहिल्या सत्रात भल्याभल्यांना अडवते. वर्गात रुडिन यांचं अ‍ॅनालिसिसचं पुस्तक लावलेलं असतं. तिथे दुसऱ्या प्रकरणात ओपन कव्हरची व्याख्या येते आणि लगेच कॉम्पॅक्ट संचाची. इतकी विचित्र व्याख्या कुणाला सुचली, कशासाठी सुचली, याचा पत्ता लागत नाही. ५१५ सोडून ५१४च्या कपाटापाशी जावं आणि मुंक्रेसचं टोपॉलॉजी काढावं. तो आधीच सांगतो की ही व्याख्या सहज सुचणारी नाही, योग्य मांडणी हाती यायला गणितज्ञांनाही बराच काळ लागला. हे वाचल्यावर अडलेल्या विद्यार्थ्याच्या मनावरचं ओझं उतरतं. मग पुन्हा रुडिनकडे यावं. तीच ओळ आता वेगळी वाचली जाते. दोन्ही पुस्तकं टेबलावर शेजारी उघडी असावीत, मध्ये कोरा कागद. गणिताच्या विद्यार्थ्याची प्रयोगशाळा ती हीच.

मात्र कपाटाची एक मर्यादा आहे. पुस्तक एकाच जागी ठेवता येतं, विषय तसा राहत नाही. मेझर थिअरी ५१५.४२वर असते, तर बिलिंग्जली यांचं संभाव्यता आणि मेझरवरचं पुस्तक ५१९.२वर. अशा वेळी झेडबीमॅथ ओपन हे गणिती साहित्याच्या सूचीचं संकेतस्थळ उपयोगी पडतं. २०२१च्या जानेवारीपासून ते सर्वांना मोफत खुलं आहे. १८६८पासूनच्या गणिती साहित्याची नोंद तिथे मिळते, आणि पुष्कळ लेखांखाली जाणकाराने लिहिलेला छोटा अभिप्रायही. तिथले क्रमांक ड्यूईचे नाहीत. गणितज्ञांच्या स्वतःच्या वर्गीकरणात मुख्य शाखा ६३ आहेत, नंबर थिअरी तिथे ११ आणि सामान्य टोपॉलॉजी ५४. आवडलेल्या लेखाचा क्रमांक टिपून त्याच क्रमांकाचे इतर लेख चाळले की प्रकल्पाचा विषय बहुधा तिथेच सापडतो.

आता संध्याकाळी निघतानाची गोष्ट. टेबलावरची पुस्तकं चांगुलपणाने कपाटात परत लावू नयेत. ‘वाचलेली पुस्तकं टेबलावरच ठेवा’ ही पाटी अनेक वाचनकक्षांत असते आणि ती मनापासून पाळावी. ५१५.४२चं पुस्तक घाईत ५१४.२ला खोचलं गेलं, तर ओपॅक ते ‘उपलब्ध’ दाखवत राहतं. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात ते शोधणाऱ्या मुलीला मात्र ते मिळत नाही. पुढची पुस्तकमोजणी होईपर्यंत ते तिथेच, चुकीच्या शेजाऱ्यांमध्ये उभं असतं.