पीएच.डी. प्रवेशाची मुलाखत: समिती नेमकं काय पाहते?

‘पेट’ किंवा ‘नेट’चा निकाल हाती आला की अवघड भाग संपला, असं बहुतेक उमेदवारांना वाटतं. पुढची मुलाखत म्हणजे कागदपत्रं दाखवायची, विषय सांगायचा, ज्या सरांकडे किंवा मॅडमकडे काम करायचं त्यांचं नाव घ्यायचं आणि यादीची वाट पाहायची. हा समज फार महागात पडतो. लेखी परीक्षेसाठी वर्षभर रात्री जागवणारी मुलं मुलाखतीला दोन दिवसांच्या तयारीवर जातात आणि तिथे मागे पडतात. त्यांच्या अभ्यासात काही कमी नसतं. समोरची माणसं काय शोधत आहेत, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

आधी गुणांचा हिशेब पाहू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमावलीनुसार विद्यापीठाच्या स्वतःच्या प्रवेश परीक्षेतून निवड करायची असेल, तर लेखीला 70 टक्के आणि मुलाखतीला 30 टक्के भार असतो. मुलाखतीपर्यंत पोचायला लेखीत किमान 50 टक्के गुण लागतात. राखीव प्रवर्गांना पाच टक्क्यांची सवलत आहे. जून 2024 पासून ‘नेट’चे गुणही पीएच.डी. प्रवेशासाठी वापरता येतात. सहायक प्राध्यापकपद आणि पीएच.डी. अशा दोन्हींसाठी पात्र ठरलेले किंवा फक्त पीएच.डी.साठी पात्र ठरलेले, यांना हाच 70-30 चा हिशेब लागू होतो आणि त्यांचे गुण एक वर्ष चालतात. जेआरएफ मिळवलेल्यांची निवड मात्र मुलाखतीवरच होते. म्हणजे लेखीत सगळ्यांत पुढे असलेल्या मुलाला मुलाखतीत आधाराला लेखीचे गुण नसतात.

तीस टक्के थोडे वाटतात. एका उमेदवाराला लेखीत 70 आणि मुलाखतीत 55 गुण मिळाले, तर त्याची बेरीज 49 अधिक 16.5, म्हणजे 65.5 होते. दुसऱ्याला लेखीत 62 आणि मुलाखतीत 80 मिळाले, तर 43.4 अधिक 24, म्हणजे 67.4. लेखीत आठ गुणांनी मागे असलेला पुढे गेला. जागा मोजक्या असतात, त्यामुळे हा दीड-दोन गुणांचा फरकच प्रवेश ठरवतो.

आता समिती काय पाहते ते. आयोगाच्या 2016 च्या नियमावलीत हे तीन वाक्यांत लिहिलेलं होतं, आणि आजही मुलाखत घेणाऱ्यांच्या मनात तेच तीन प्रश्न असतात. या उमेदवाराला हे संशोधन पेलेल का? ते आपल्या विभागात किंवा संशोधन केंद्रात होऊ शकेल का? आणि त्यातून ज्ञानात काही नवी भर पडेल का? व्याख्या किती पाठ आहेत, हे या तिन्हींत कुठेच येत नाही. संशोधनपद्धतीच्या व्याख्या लेखीत विचारून झालेल्या असतात. तिथे निम्मे प्रश्न त्याचेच असतात.

एक उदाहरण घेऊन पुढे जाऊ. समाजशास्त्राच्या एका उमेदवाराचा विषय आहे, ‘बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांच्या मुलांचे शिक्षण: एक अभ्यास’. विषय महत्त्वाचा आहे. तो त्याच भागातला असेल, तर त्याला तो आतून माहीतही आहे. समिती विचारते, ‘यात तुम्ही काय शोधणार?’ उत्तर येतं, ‘मुलांच्या शिक्षणातल्या समस्या मांडणार आणि उपाय सुचवणार.’ या उत्तराने गुण घसरतात. समस्या आहेत हे समितीला ठाऊक आहे, वर्तमानपत्रांतून आलेलं आहे, आधीच्या प्रबंधांत आलेलं आहे. उमेदवाराने विषय आणला आहे, पण प्रश्न आणलेला नाही. मुलाखतीची खरी तयारी म्हणजे या विषयातून एक असा प्रश्न काढणं, ज्याचं उत्तर आज कुणाकडे नाही आणि तीन-चार वर्षांत शोधता येईल.

तो कसा काढायचा? जे माहीत आहे ते बारकाईने मांडायला लागायचं. दिवाळीच्या आसपास टोळ्या निघतात, उन्हाळा लागता लागता परततात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, मुकादमाकडून उचल घेतलेली असते. मुलांपुढे वाटा तीन: आईबापांबरोबर फडावर जाणं, गावात आजीजवळ राहणं किंवा हंगामी वसतिगृहात राहणं. इथे थांबून विचार केला की प्रश्न आपोआप पुढे येतो. आजीजवळ राहिलेलं मूल आणि वसतिगृहात राहिलेलं मूल, यांच्या शाळेत टिकून राहण्यात फरक पडतो का? पडत असेल तर मुलींच्या बाबतीत तो वेगळा आहे का? कुठल्या इयत्तेपासून तो दिसू लागतो? आता हा प्रश्न झाला. याला ‘हो’ही उत्तर येऊ शकतं आणि ‘नाही’ही, आणि दोन्ही उत्तरं उपयोगी आहेत.

प्रश्न हाती आला की समितीचे पुढचे प्रश्न ओळखता येतात. माहिती कुठून आणणार? शाळेच्या हजेरीपटातून आणि जनरल रजिस्टरमधून. किती गावं? संपूर्ण जिल्हा म्हणू नये. पाटोदा आणि शिरूर कासार या दोन तालुक्यांतली ठरावीक गावं म्हणावीत आणि तीच का, हे सांगता यावं. मग एखादे अनुभवी सर हमखास विचारतील, ‘हजेरीपटावर मूल हजर आणि प्रत्यक्षात फडावर, असं असेल तर?’ हा अडवण्यासाठी विचारलेला प्रश्न नाही. संशोधन जिथे कोसळू शकतं ती जागा ते दाखवत आहेत. उमेदवाराने यावर आधी विचार केलेला असेल तर तो सांगेल की टोळी कधी निघाली आणि कधी परतली, हे पालकांकडून आणि मुकादमाच्या वहीवरून मिळवून हजेरीशी ताडून पाहीन. विचार केलेला नसेल, तर तिथल्या तिथे शांतपणे विचार करून बोलला तरी चालतं. ‘नाही सर, हजेरीपट बरोबरच असतो’ असं म्हणून वाद घालणं मात्र चालत नाही.

वेळेचा प्रश्नही असाच. पीएच.डी.ला किमान तीन वर्षं आणि कमाल सहा वर्षं मिळतात. सुरुवातीला किमान 12 क्रेडिटचं कोर्सवर्क असतं. ऊसतोडीचा हंगाम वर्षातून एकदाच येतो. म्हणजे तीन वर्षांत संपवायचं ठरवलं, तर गावात प्रत्यक्ष काम करायला जेमतेम दोन हंगाम मिळतात. हे गणित उमेदवाराने स्वतःहून मांडलं, की त्याने कामाचा अंदाज घेतलेला आहे हे समितीला कळतं. माझ्या मते संपूर्ण मुलाखतीत याहून मोठी जमेची बाजू नाही.

विषय बदलला की तपशील बदलतात, कसोटी तीच राहते. अठराव्या शतकातल्या मराठी अर्थव्यवहारावर काम करायचं म्हणणाऱ्याला ‘मोडी वाचता येते का?’ हा प्रश्न येणारच. पुण्याच्या विद्यापीठात हा विषय घेणाऱ्याला पुराभिलेखागारातलं पेशवे दफ्तर आणि भारत इतिहास संशोधक मंडळातली कागदपत्रं शहरातच मिळतात. ती तो एकदा तरी पाहून आलेला असावा. रसायनशास्त्राच्या उमेदवाराने आपल्या कामाला लागणारी उपकरणं विभागात आहेत का, नसतील तर नमुने कुठे पाठवावे लागतील, हे विचारून ठेवावं.

‘नवी भर’ या कसोटीसाठी एक साधन सगळ्यांना मोफत उपलब्ध आहे. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’वर देशभरातल्या विद्यापीठांचे प्रबंध आहेत. ‘शोधगंगोत्री’वर चालू संशोधनांचे आराखडे आहेत. आपल्या विषयाचे चार-पाच शब्द घालून, मराठीत आणि इंग्रजीतही, तिथे शोधावं. जवळचे तीन प्रबंध निवडावेत. प्रत्येकाचं शेवटचं प्रकरण नीट वाचावं, कारण पुढे काय करायचं राहिलं हे बहुतेक संशोधक तिथे लिहितात. ‘या विषयावर आजपर्यंत काम झालेलं नाही’ हे वाक्य मुलाखतीत उच्चारू नये. समितीत कुणीतरी अशा कामाचा परीक्षक म्हणून बसलेला असतोच. त्याऐवजी ‘अमक्यांनी इथपर्यंत केलं, पण मुलींचा वेगळा विचार त्यात नाही’ असं सांगता आलं, की पुढचा संवाद बरोबरीच्या पातळीवर होतो.

मार्गदर्शकाबद्दल दोन गोष्टी. प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार संशोधक घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी अवधी उरलेल्यांना नवे संशोधक घेता येत नाहीत. म्हणून रिक्त जागांची यादी पाहून, आपल्या विषयाजवळचं काम असलेल्या दोन-तीन मार्गदर्शकांचे लेख वाचून जावं. मुलाखतीआधी भेटायचं असेल तर जरूर भेटावं, पण एका पानाची मांडणी हातात घेऊन. नुसतं ‘सर, तुमच्याकडेच करायचंय’ म्हणण्यात दोघांचाही वेळ जातो.

आता प्रत्यक्ष खोलीत. बहुतेक ठिकाणी दहा-पंधरा मिनिटं मिळतात. पहिली दोन मिनिटं तुमची असतात: प्रश्न काय, तो का महत्त्वाचा, माहिती कुठून आणणार. एवढंच. घरी हे मोठ्याने म्हणून पाहावं, घड्याळ लावून. आणि विषयाशी संबंध नसलेल्या एखाद्या माणसाला ऐकवावं. आईला, शेजारच्या काकांना कळलं तर समितीला नक्की कळेल.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना इथे सगळ्यात जास्त भीती वाटते, आणि मला त्यांच्याबद्दल मनापासून सांगावंसं वाटतं. मुलाखत कोणत्या भाषेत देता येईल, हे विभागात आधी विचारून घ्या. विचारण्यात कसलाही कमीपणा नाही. इंग्रजीतच बोलावं लागणार असेल, तर आपला प्रश्न आणि पद्धत सांगणारी सात-आठ वाक्यं स्वतःच्या साध्या इंग्रजीत तयार करा. दुसऱ्याची भारदस्त वाक्यं उसनी आणू नका. त्यातल्या एखाद्या शब्दाचा अर्थ विचारला, की धीर सुटतो. अडखळलात तर ‘हे मराठीत सांगू का?’ असं विचारा. तुमच्या गावातल्या माहितीवर उभा असलेला विचार मोडक्या इंग्रजीतही उठून दिसतो.

उत्तर येत नसेल तर तसं सांगावं, आणि ते कुठे शोधाल हेही जोडावं. ‘यावरची आकडेवारी मला माहीत नाही, पण जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाकडे मिळेल असं वाटतं’ हे चांगलं उत्तर आहे. संशोधकाचं अर्धं काम हेच असतं. एखाद्या सदस्याने तुमच्या मांडणीतली चूक दाखवली आणि ती खरोखर चूक असेल, तर मान्य करून पुढे काय बदलाल ते बोलावं.

कागदपत्रांची फाइल आदल्या दिवशी लावावी: गुणपत्रिका, ‘पेट’ किंवा ‘नेट’चा निकाल, जातीचं आणि नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र, नोकरी करत अर्धवेळ पीएच.डी. करणार असाल तर संस्थेचं ना-हरकत प्रमाणपत्र. आराखड्याच्या प्रती समितीला पुरतील एवढ्या. बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या अधिछात्रवृत्तीचे अर्ज वेगळे असतात आणि ते प्रवेशानंतर करायचे. मुलाखतीत हा विषय आपण काढण्याचं कारण नाही.

बाहेर आल्यावर, त्याच संध्याकाळी, विचारलेला प्रत्येक प्रश्न वहीत उतरवून ठेवावा. निवड झाली तर कोर्सवर्कनंतर सविस्तर आराखडा मांडायचा असतो, आणि तेव्हा समोर बसणाऱ्यांत बहुधा हीच माणसं असतात. निवड झाली नाही, तर पुढच्या विद्यापीठात जाण्याआधी आपली मांडणी कुठे दुरुस्त करायची, हे त्या वहीत लिहिलेलं असतं. ‘नेट’चे गुण वर्षभर चालत असल्याने तेवढ्या काळात दुसरीकडे अर्ज करायला वाव असतो. वेगवेगळ्या विद्यापीठांच्या जाहिराती वेगवेगळ्या महिन्यांत निघतात, त्यामुळे त्यांच्या संकेतस्थळांवर नजर ठेवावी आणि दरम्यान निदान एका शाळेचा हजेरीपट प्रत्यक्ष पाहून यावं.